धावण्याचा हुरूप दुसऱ्याच आठवड्यात का ओसरतो?

दिवाळी संपून पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला, की या सदराकडे धावण्याविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतरांच्या अडचणीचे मूळही बहुतांशी तेथेच आहे.

प्रश्न : माझे वय ४२ असून मी बडोद्यात मांजलपूरला राहतो. बँकेतील नोकरीमुळे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीतच जातात. धावायला लागायचे मी आजवर अनेकदा ठरवले. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो. पहिल्या फेरीतच धाप लागते, बरगडीखाली टोचू लागते, तरी दात-ओठ खाऊन फेरी पुरी करतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र गजर वाजला की नको वाटते, आणि तिसऱ्या आठवड्यात बूट पुन्हा कपाटात जातात. नागपूरचे माझे मेहुणे रोज पहाटे साडेपाचला धावतात आणि घरच्या ग्रूपवर फोटो पाठवतात. ते पाहून चार दिवस जोर येतो, मग पुन्हा तेच. मनाची ही उभारी टिकवावी कशी?

उत्तर : आपण उभारीबद्दल विचारले आहे, परंतु आपल्या पत्रातील ‘दात-ओठ खाऊन फेरी पुरी करतो’ हे शब्द मला अधिक महत्त्वाचे वाटतात. जी गोष्ट दर खेपेला त्रास देते तिला मन दुसऱ्या आठवड्यात नकार देणारच. आपण त्याला आळस म्हणत आहात, पण आपण बसल्या जागी आठ-नऊ तास आकडे जुळवता, म्हणजे चिकाटी आपल्यात नाही असे म्हणता येणार नाही. चुकतो आहे तो वेग.

कमाटी बागेत सकाळी काळ्या घोड्याकडच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले, तर नवखा धावणारा लांबूनच ओळखू येतो. बूट कोरे, फोन दंडाला बांधलेला, मुठी आवळलेल्या आणि खांदे कानांकडे चढलेले. निघतो तो शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीसारखा. पुष्पघड्याळ मागे पडते न पडते तोच तोंड उघडे पडते, पावले जमिनीवर आपटू लागतात, मग कमरेवर हात ठेवून उभे राहणे आले. तेवढ्यात साठी उलटलेले दोन गृहस्थ कालच्या लग्नातल्या जेवणाविषयी बोलत बोलत, चालण्याहून जेमतेम अधिक वेगाने, त्याच्या शेजारून पुढे निघून जातात. हे दोघे पुढच्या वर्षीही तेथे दिसतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

धावण्याचा वेग आपल्या हृदयाच्या आणि स्नायूंच्या सध्याच्या क्षमतेपलीकडे गेला, की स्नायूंना लागणारी ऊर्जा केवळ ऑक्सिजनच्या आधारे पुरी पडत नाही, श्वास एकदम वाढतो आणि पाय जड होतात. सवय नसलेल्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा फार खाली असते, इतकी की साधे धावणेही तिच्या वर जाते. म्हणून आरंभीचा योग्य वेग ओळखण्यासाठी घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी बरी : धावता धावता आपला पूर्ण पत्ता, सोसायटीच्या नावापासून पिन कोडापर्यंत, मध्ये न थांबता सांगता आला पाहिजे. मांजलपूरच्या आधीच दम तुटला, तर वेग कमी करावा; त्याहून कमी होत नसेल, तर चालावे. कोणी चालणारा आपल्याला मागे टाकून गेला, तर जाऊ द्यावे.

चालण्याचा हा सल्ला नवशिक्यांना कमीपणाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने १९९६ साली, बैठ्या माणसाला पाच किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा क्रम तयार केला. ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाने तो आज जगभर वापरला जातो. त्यातील पहिला आठवडा असा आहे : पाच मिनिटे भरभर चालणे, मग वीस मिनिटे आलटून पालटून साठ सेकंद हळू धावणे आणि नव्वद सेकंद चालणे, आणि हे आठवड्यातून फक्त तीन दिवस. म्हणजे पहिल्या दिवशी प्रत्यक्ष धावणे आठ मिनिटांच्या आसपास होते. आपल्या शहराला व्यायामशाळांची परंपरा आहे. जुम्मादादांच्या आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांच्या नावाने बडोदे एके काळी देशभर ओळखले जाई. आखाड्याशी थोडाफार संबंध आलेल्या कोणालाही ठाऊक असते, की नव्या मुलाला वस्ताद मोजकेच जोर काढायला लावतो आणि तो आणखी काढायला निघाला तर त्याला थांबवतो. धावताना मात्र आपणच शिष्य आणि आपणच वस्ताद असल्यामुळे थांबवणारे कोणी नसते.

आणखी एक टप्पा आपल्याला आधीच सांगून ठेवतो, कारण या वेळी आपण तेथवर पोहोचाल अशी मला आशा आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धाप कमी होते आणि एकदम जमू लागल्यासारखे वाटते. हृदय, रक्ताभिसरण आणि श्वसन यांत काही आठवड्यांतच सुधारणा होते. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध यांना मात्र बळकट व्हायला महिनोन् महिने लागतात. या तफावतीमुळे माणूस नेमका या टप्प्यावर अंतर दुप्पट करतो, नडगीची आतली कड दुखू लागते, पंधरा दिवस विश्रांती घ्यावी लागते आणि मग जुना गजर पुन्हा बंद होतो. धाप लागत नाही म्हणून वाढवायचे झाले तर आधी मिनिटे वाढवावीत, तीही थोडी थोडी, आणि वेगाला निदान पहिले दोन-तीन महिने हात लावू नये.

आता मेहुण्यांच्या फोटोंविषयी. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण अशा प्रोत्साहनावर किती विसंबावे याविषयी ब्रिटनमधील एक प्रयोग उद्बोधक आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २४८ विद्यार्थ्यांचे गट पाडले होते. एका गटाला व्यायाम आणि हृदयविकार यांविषयीचे प्रेरक साहित्य वाचायला दिले. दुसऱ्या गटाने ते वाचलेच, शिवाय आपण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करणार हे लिहून दिले. तिसऱ्या गटाला यातले काहीच दिले नाही. पुढच्या आठवड्यात निदान एकदा ठरल्याप्रमाणे व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण, काहीच न मिळालेल्या गटात ३८ टक्के, केवळ प्रेरक साहित्य वाचलेल्या गटात ३५ टक्के आणि जागा-वेळ लिहून देणाऱ्या गटात ९१ टक्के होते. हे विद्यार्थी होते आणि प्रयोग थोड्या दिवसांचा होता, हे धरूनही मला त्यातून जे दिसते ते असे, की व्यायाम चांगला हे पटलेल्या माणसाला आणखी पटवण्यात फारसा अर्थ नसतो. गजर वाजल्यावर त्याला ठरवायला काहीच उरू नये, एवढी सोय करून ठेवावी लागते.

तेव्हा कॅलेंडरच्या कागदावर असे एक वाक्य लिहावे : ‘सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी चहा झाल्यावर सात वाजता मी घराच्या फाटकातून निघेन.’ चहानंतर असे मुद्दाम लिहिले आहे, कारण रोज न चुकता होणाऱ्या गोष्टीला नवी गोष्ट जोडली की ती आठवणीवर अवलंबून राहत नाही. वेळही मेहुण्यांची घेऊ नये. बडोदे नागपूरच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे जानेवारीत सूर्य सव्वासातनंतर उगवतो, तेथे सातच्या आत. साडेपाचला आपल्याकडे अंधारात खड्डे आणि गाई शोधत धावावे लागेल. आपल्याला दहाच्या सुमारास बँकेत पोहोचायचे असेल, तर सात ते साडेसात ही वेळ हिवाळ्यात अगदी सोयीची आहे. उन्हाळ्यात मात्र ती सहाच्या आत न्यावी लागेल, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि उष्ण हवेत त्याच वेगाला हृदयाला अधिक काम पडते. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, त्या दिवसांत वेग आणखी उतरवावा.

एकवीस दिवसांत सवय जडते, असे आपण ऐकले असेल. ते सोडून द्यावे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग घेतला, तेव्हा गोष्ट आपोआप होऊ लागण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतील फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या सवयींपेक्षा व्यायामाला अधिक दिवस लागले. आपल्या कामाची बाब म्हणजे मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही. आपण मात्र दुसऱ्या आठवड्यात एक दिवस बुडाला की खाते बंद करून मोकळे होत आला आहात.

प्रश्न : मी ३५ वर्षांची गृहिणी असून वाडी भागात एकत्र कुटुंबात राहते. शाळा सुटल्यापासून धावलेले नाही. बागेत चालायला जाते तेव्हा तेथे धावणाऱ्या मुली पाहून वाटते, आपणही धावावे. पण ओळखीची माणसे भेटतात, पंजाबी ड्रेसमध्ये धावायला संकोच वाटतो, आणि थोडे धावले तरी दिवसभर थकवा राहतो. घरी म्हणतात, ‘चालतेस ते काय कमी आहे?’ कुत्र्यांचीही भीती वाटते.

उत्तर : थकव्यापासून सुरुवात करतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, भारतातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर मनाचा निर्धार कितीही पक्का असला तरी पाय चालणार नाहीत, आणि दोष मात्र निर्धाराला लागतो. रक्ताची साधी तपासणी आधी करून घ्यावी. हिमोग्लोबिन कमी निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावेत आणि तोवर चालणे चालू ठेवावे. पुष्कळ स्त्रियांना, आपल्याला धावणे झेपत नाही असे वर्षानुवर्षे वाटत राहते आणि कोणी साधी रक्ततपासणी सुचवत नाही, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

पोशाखाबाबत, धावण्यासाठी मिळणारी घट्ट आधाराची ब्रा ही आपली पहिली खरेदी असावी, बुटांच्याही आधी. ती नसल्यामुळे होणारी अस्वस्थता हेही धावणे सोडण्याचे कारण असते, पण त्याविषयी बोलले जात नाही. वर सैल, गुडघ्यापर्यंतचा सुती कुर्ता आणि खाली लेगिंग चालेल. ओढणी तेवढी घरी ठेवावी. संकोचासाठी एक व्यवहाराची युक्ती अशी, की धावायचे मिनिट बागेतील कमी वर्दळीच्या वाटेवर घ्यावे आणि बाकांजवळून जाताना चालावे. आपण आधीपासून तेथे चालतच आहात, तेव्हा त्याच वेळी, त्याच फेरीत एक-दोन मिनिटे धावण्याची भर घातली की घरच्यांना वेगळे काही सांगावेही लागणार नाही. एखादी शेजारीण बरोबर आली तर फारच उत्तम : खाली कोणी वाट पाहत असेल, तर अंथरूण सोडणे सोपे जाते, आणि दोघी बोलत राहिल्या तर वेगही आपोआप आवाक्यात राहतो. ‘चालतेस ते काय कमी आहे’ हे घरच्यांचे म्हणणे आरोग्याच्या दृष्टीने चुकीचे नाही. पण आपल्याला धावावेसे वाटते, हे कारण पुरेसे आहे.

कुत्रा अंगावर आला तर पळू नये. थांबावे, त्याच्याकडे रोखून न पाहता सावकाश बाजूने निघावे. चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जावे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा विद्यार्थी आहे. पावसाळ्यानंतर धावायला लागलो होतो, पाच किलोमीटरपर्यंत मजल गेली होती, पण नवरात्रात रोज रात्री उशिरापर्यंत गरबा, त्यानंतर दिवाळी आणि पाहुणे, यात सगळे बंद पडले. आता पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, या विचारानेच कंटाळा येतो.

उत्तर : शून्यापासून करावी लागणार नाही. खंड दोन आठवड्यांच्या आत असेल तर दमात फारसा फरक पडत नाही, आणि तुमच्या खंडातल्या नऊ रात्री तर गरब्यात गेल्या आहेत. तीन-तीन तास फेर धरणाऱ्या माणसाने व्यायाम बंद पडला म्हणावे, हे मला पटत नाही. पोटऱ्यांना आणि घोट्यांना तो चांगलाच मिळाला असणार. त्यानंतरचे आठवडे मात्र रिकामे गेले आहेत, म्हणून पहिला आठवडा पूर्वीच्या निम्म्या अंतरावर, तोही मध्ये मध्ये चालत काढावा आणि दोन-तीन आठवड्यांत मूळ अंतरावर यावे.

सणांनी गाडी रुळावरून घसरते, हा अनुभव केवळ बडोद्याचा नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरीन मिल्कमन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काही जणांना रंजक श्राव्य पुस्तके फक्त व्यायामशाळेतच ऐकता येतील अशी व्यवस्था केली होती. सुरुवातीला त्यांचे जाणे चांगलेच वाढले, पण थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतील सणाची सुट्टी आली आणि त्या सुट्टीनंतर तो परिणाम जवळजवळ पुसला गेला. यावरून घ्यायचे ते इतकेच, की परत येण्याची तारीख सण सुरू होण्याआधी ठरवून ठेवावी. तुमच्या बाबतीत पुढचा खंड उत्तरायणाचा. १४ आणि १५ जानेवारीला रस्त्यावर धावूच नये, कारण आडवा आलेला मांजा धावताना दिसत नाही आणि तो गळ्याच्या उंचीवर असतो. तुटका मांजा त्यानंतरही काही दिवस झाडांवरून आणि तारांवरून लोंबत असतो. तेव्हा १८ तारखेला सकाळी बाहेर पडायचे, असे आताच एखाद्या मित्राला सांगून ठेवावे.

प्रश्न : मी ५९ वर्षांचा असून पुढील वर्षी निवृत्त होईन. रोज पोलो ग्राउंडवर चालतो. धावावेसे वाटते, पण सगळे सांगतात की या वयात गुडघे जातील. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. बूट कोणते घ्यावेत?

उत्तर : गोळी चालू आहे म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि चालताना कधी छातीत दडपण, चक्कर किंवा अवाजवी धाप जाणवली असेल तर ते आवर्जून सांगावे. ही अट पाळल्याशिवाय पुढचे वाचूनही उपयोग नाही.

गुडघ्यांबाबतची भीती प्रचलित आहे, परंतु पुरावा तिच्या बाजूने नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. हौशी धावणाऱ्यांचे वजन मुळातच कमी असणे, हेही यामागचे एक कारण असू शकते; तरी बेताने धावल्यामुळे गुडघे झिजतात, असे यावरून म्हणता येत नाही. आधीच गुडघा सुजत असेल, तर गोष्ट वेगळी.

दोन्ही पायांत सारखे जाणवणारे आणि एक-दोन दिवसांत ओसरणारे दुखणे हा सवयीचा भाग आहे. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, धावताना ते वाढत असेल किंवा त्यामुळे लंगडावे लागत असेल, तर त्या दिवशी थांबावे. चालण्याची आपली सवय असल्यामुळे पहिल्या उत्तरातील क्रम आपल्याला सुरुवातीपासूनच लागू पडेल. फक्त प्रत्येक आठवडा दोनदा करावा, म्हणजे नऊ आठवड्यांचे अठरा होतील. आपल्याला घाई असण्याचे कारण दिसत नाही. लंडनची २००० सालची मॅरेथॉन ही फौजा सिंग यांची पहिली मॅरेथॉन होती आणि तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.

बूट घेताना दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते, आणि धावताना घालणार तेच मोजे घालून पाहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहावी आणि टाच सुटू नये. घालून दुकानात चार पावले धावून पाहावे. जो पायाला पहिल्या क्षणापासून बरा वाटतो तो घ्यावा, विक्रेता सांगतो म्हणून महागडा घेण्याची गरज नाही. घरातल्या फरशीवर दोन दिवस वापरावा आणि चावत असेल, तर बिल सापडते आहे तोवर बदलून आणावा.